नाथा साउंडचा माईक

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडं रीत नाही, पण टेम्पोवरच फूटभर अक्षरांत ‘नाथा साउंड, वडवणी’ लिहिलंय, तेव्हा लपवून काय करू? लग्न, सभा, कीर्तन, सगळीकडं आवाज आमचाच. माणूस मात्र असा, की घरात त्याचा आवाज शोधावा लागतो.

पहिल्यापासून असा नव्हता. दोन वर्षांपूर्वी तलवाड्याच्या सभेत आमच्या भागाचे पुढारी सुंदररावआण्णा ऐन रंगात आले आणि माईक गेला. जनरेटरमधलं डिझेल संपलं होतं. ते भरायचं काम आण्णांच्याच माणसांचं, पण लोक हसले, आणि आण्णा खाली उतरून आले. भरल्या सभेत त्यांनी ह्यांच्या कानाखाली वाजवली. मी तिथं नव्हते. घरी आल्यावर सुजलेला गाल तेवढा बघितला.

तेव्हापासून ह्यांना एक खोड लागली. एकदा माईक चालू केला की माणसं घरी जाईपर्यंत बंद करत नाहीत. जेवायला बसले तरी बिनवायरचा माईक मांडीवर, त्याचा हिरवा दिवा लागलेला. “बंद केला अन् पुन्हा चालूच न्हाई झाला तर?” म्हणतात.

यंदा वडवणीत शेळी-मेंढीपालकांची परिषद ठरली. मंगल कार्यालयात दिवसभर भाषणं, पडद्यावर फोटो, पुण्याच्या डॉक्टरीणबाई लॅपटॉपवरून बोलणार, आणि सगळ्याचं शूटिंग. काम आम्हालाच मिळालं. स्वागताध्यक्ष सुंदररावआण्णा, हे पत्रिका आल्यावर कळलं. ती वाचून हे बाजेवर बसले ते उठेनात.

“वनमाला, न्हाई जमत म्हणून सांग त्यांना.”

“कावून? चोरी केलीय का आपण?”

“तुला न्हाई कळायचं. त्यांचा आवाज जरी ऐकला तरी माझा गाल तापतो.”

मला राग आला. खरा राग आण्णांचा, पण काढायला समोर हेच होते. म्हटलं, “मी येते संगं. लॅपटॉप मी बघते. एमएससीआयटी काय लोणचं घालायला केली का मी?”

परिषदेच्या सकाळी ह्यांचं एकच, खोचलेली वायर काढायची, पुन्हा खोचायची, असं चाललेलं. आमच्या धंद्यात मशीन सुरू करायच्या आधी हळदकुंकू लावून नारळ फोडतात. ह्यांनी फोडला, पण जिवाला समाधान नाही. म्हणून दुसरा घेतला आणि सगळे माईक जोडलेल्या मिक्सरच्या अगदी जवळ धरून आपटला. सगळं पाणी मिक्सरमध्ये! चर्र झालं आणि त्याचे दिवे गेले. तेवढ्यात बाहेर आण्णांची गाडी येऊन थांबली. ह्यांच्या तोंडावर रक्त राहिलं नाही. आता हे पडतात की काय, असं मला वाटलं.

मी म्हटलं, “टेम्पोत भजनाचा जुना ॲम्प्लिफायर हाय ना? आणा की मग!”

आणला. माईक त्याला जोडले. लॅपटॉपची वायर काही बसेना, म्हणून डॉक्टरीणबाई बोलत होत्या तोवर मी लॅपटॉपच्या तोंडाशी माईक हातानं धरून उभी राहिले. दंड बधिर झाला. हे मागं ॲम्प्लिफायरपाशी बसलेले. आण्णा नुसते खोकले तरी दचकत होते. पण दिवसभरात एकाही वक्त्याचा एक शब्द तुटला नाही.

कार्यक्रम नीट पार पडला की शेवटी आचाऱ्याचा, मंडपवाल्याचा, साउंडवाल्याचा टॉवेल-टोपी देऊन सत्कार करतात. सूत्रसंचालकानं पुकारलं, “आता आण्णांच्या शुभहस्ते नाथा साउंड यांचा सत्कार!” हे हलेनात. मीच ढकललं आणि ॲम्प्लिफायरपाशी त्यांच्या जागी बसले. वाटलं, चला, आज मिटेल एकदाचं. हे स्टेजवर गेले, हिरव्या दिव्याचा माईक हातात तसाच.

आण्णा हसत होते. टोपी घालायला त्यांनी हात वर केला.

ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मटकन खाली बसले.

“मारू नका आण्णा! चालू हाय! माईक चालू हाय!”

भजनाच्या ॲम्प्लिफायरनं ते शेवटच्या खुर्चीपर्यंत नेलं, बाहेरच्या जेवणाच्या पंगतीपर्यंत नेलं. कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतली एक म्हातारी धनगरीण “अगं आई गं” म्हणाली. आण्णा हातात टोपी धरून तसेच उभे, आणि समोर शूटिंग चालू. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बोटानं खूण केली, बंद कर.

आवाजाच्या बटनावर माझाच हात होता. भीती मलाही वाटत होती. मी हात काढला आणि पदराखाली घेतला. ह्यांचा हुंदका सगळ्या कार्यालयाला ऐकू जाऊ दिला.