कापसावर बसून पाहिलेला समुद्र

आमच्या आष्टीकडं वेचलेला कापूस घरातच भरतात. आधी कोपरा भरतो, मग भिंत झाकली जाते, अन् एक दिवस खोलीच दिसेनाशी होते. किश्श्यांचंही तसंच. मी शाळेची पायरी चढले नाही, पण एका हिवाळ्यात शाळाच माझ्या घरी आली.

झालं काय, रंगीत टीव्ही आमच्याच घरी. इंग्रजीच्या मास्तरांनी कुठून तरी व्हीसीआर आणला अन् नववीचा वर्ग माझ्या कापसाच्या खोलीत बसवला. इंग्रजी सिनेमा होता. बाप होडी घेऊन गेलेला, अन् काठावरची पोरगी संध्याकाळ झाली की त्याच्यासाठी दिवा लावते. पोरं कापसाच्या गंजीवर. समुद्र कोणीच पाहिलेला नाही.

सगळ्यांच्या मागं, गळ्यापर्यंत कापसात बुडून सुगंधा बसे. वर्गात चकार शब्द काढत नसे. तिचा बाप मारोती मला म्हणे, "मावशी, मुक्या पोरीले शिकवून काय करू? संक्रांत झाली का नाव काढतो शाळेतून."

*

मास्तर म्हणाले, "डोळे मिटा. नुसता लाटांचा आवाज ऐका अन् काय दिसतं ते सांगा."

थोड्या वेळानं पाहते, तर अर्धा वर्ग झोपलेला. माझी नात मंदा कापसातून डोकं काढून म्हणाली, "सर, पाणी गरम हाय."

*

मग होडीचं चित्र काढायला सांगितलं. विलासनं होडीला बैलगाडीची चाकं लावली.

"हे कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"काठावर उतरल्यावर त्याले घरी जाचं नाई का, सर?"

*

एकदा सिनेमातल्या ऐन वादळात लाइन गेली. मास्तर म्हणाले, "आता पुढचं तुम्ही सांगा." अंधारात कोणी होडी बुडवली, कोणी वाचवली. लाइन आली तसा सगळा वर्ग ओरडला, "सर, बंद करा! आमचं व्हाचं हाय अजून."

*

शेवटी मास्तरांनी मधोमध खुर्ची मांडली. तिच्यावर बसेल तो सिनेमातला माणूस, बाकीच्यांनी त्याला विचारायचं. सुगंधा आपणहून उठली. केसांत कापूस, तशीच बसली.

तेवढ्यात दारात मारोती. "चाल वं सुगंधे. नाव काढाले जाचं हाय ना आज?"

मास्तर म्हणाले, "मारोतराव, ती आत्ता सुगंधा नाही. समुद्राकाठची पोरगी आहे, बापाची वाट पाहते. तुम्हीही विचारा तिला काही."

मारोती उंबऱ्याशीच थांबला. मग हळूच म्हणाला, "बाई, तुहा बाप आलाच नाई, त दिवा लावनं सोडशील का?"

सुगंधानं त्याच्याकडं पाहिलं अन् सावकाश, थांबत थांबत, इंग्रजीत काहीतरी बोलली.

मारोतीनं मंदाला विचारलं, "काय म्हने ते?"

मंदा म्हणाली, "म्हनते, तो आला. दारात उभा हाय. त्याले म्हना, चपला काढून आत ये, कापूस खराब होईन."

मारोतीनं खाली वाकून चपला काढल्या.