एक पॅनल, तीन इमारती

एकच पॅनल तीन शहरांत ड्युटी करतं, हे तुम्हाला खरं वाटतं का? मग सुजितला भेटा.

सुजित उल्हासनगर कॅम्प ४चा फिटर. ऑफिसांच्या इमारतींत, टॉयलेटमधल्या बेसिनच्या काउंटरखाली तिरकं पॅनल बसवतो. व्हीलचेअरवरच्या माणसाचे गुडघे आत जावेत, पण गरम पाण्याच्या पाइपला लागू नयेत, एवढंच त्या फळीचं काम. माप घ्यायला हा बाबा चाकाच्या खुर्चीत बसतो, डोळे मिटतो आणि सरळ काउंटरखाली घुसतो. गुडघा आपटला की म्हणतो, "अजून दोन इंच."

श्यामकांत साहेबांच्या इमारती तीन. पॅनल बनवून घेतलं एक! सोमवारी उल्हासनगरला अपंगांच्या सोयींची सरकारी तपासणी, मंगळवारी अंबरनाथला, बुधवारी बदलापूरला. पॅनल मांडीवर घेऊन सुजित रिक्षाने पुढे, तपासणीवाला मागे.

बदलापुरात तपासणीवाला म्हणाला, "हा ओरखडा काल अंबरनाथलाही होता."

"स्टँडर्ड डिझाइन आहे, साहेब," श्यामकांत म्हणाले.

तपासणीवाल्याने ओरखड्याचा फोटो काढला आणि पास केलं. डोकं फिरेल नाही तर काय!

त्याच इमारतीत प्रगती नोकरी करते, व्हीलचेअरवरून. तिच्या पायांना संवेदना नाही. मागे उघड्या पाइपने गुडघा भाजला, ते तिला घरी गेल्यावर फोड दिसला तेव्हा कळलं. तपासणी आटोपल्यावर सुजित पॅनल काढायला बसला आणि नेमकी ती हात धुवायला आली.

"दादा, परत भाजू का?"

सुजितने जुने स्क्रू काढले, पण त्याच जागी एकतर्फी स्क्रू मारले. ते आत जातात, उलटे फिरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी साहेब तापले. अंबरनाथला फेरतपासणी लागली होती.

"काढ ते पॅनल!"

"निघत नाही."

"मग अख्खं काउंटर काढ!"

"भिंतीत गाडलंय, साहेब."

"मग भिंत फोड!"

"पलीकडे तुमची केबिन आहे. हात धुणाऱ्याला तुम्ही दिसाल."

साहेबांनी खरंच मिनिटभर विचार केला. मग म्हणाले, "चालता हो."

पॅनल राहिलं, सुजितचं काम गेलं. मला म्हणतो, "भाऊ, रिक्षाचे धक्के तर वाचले!"

बाकी दोन इमारतींत पाइप अजून उघडेच आहेत. तुमच्या ऑफिसातही असतील. उद्या वाका, बेसिनखालचा फोटो काढा, पालिकेत लेखी तक्रार द्या आणि शिक्क्याची पोच हातात पडेपर्यंत खिडकीवरून हलू नका.