सुटाबुटातले रक्तदाते

देवाला अंधेरीत काही काम करून घ्यायचं असलं, की तो आधी आमच्या समोरच्या मावशीला वेळ आहे का ते बघत असणार, याबद्दल आमच्या गावठाणात कुणालाच शंका नव्हती. मावशी ख्रिस्ती, आम्ही मालवणकडचे; पण ती चर्चला देऊळच म्हणायची. त्यामुळे "देवळात जाऊन येते" असं आई आणि ती एकदमच सांगत आणि गल्लीच्या तोंडाशी दोन दिशांना पांगत. मावशीचा बाक पहिला. प्रवचन लांबलं की ती खोकायची. नव्या फादरनी एकदा काळजीने औषधाचं विचारलं, तर म्हणाली, "खोकला नाही फादर. बाहेर लोकांसाठी चहा ठेवलाय, त्याचा काढा होतोय." पुढच्या रविवारपासून प्रवचन आटोपशीर झालं आणि गर्दी वाढली, असं तीच सांगायची.

प्रार्थनेत ती अख्ख्या गल्लीसाठी मागायची, आणि तेही पत्त्यासकट. नुसत्या नावावर मदत भलत्याच घरी जाते, असं तिचं मत. माझ्या बारावीला तिने "हिरव्या दारातली मुलगी" म्हणून रोज मेणबत्ती लावली. निकाल लागला तर मी कशीबशी पास, आणि वर्षभर कॅरम खेळलेली शेजारची मुलगी फर्स्ट क्लास. मावशी चक्रावली. मग लक्षात आलं, दिवाळीत बाबांनी आमचं दार निळं केलं होतं आणि जुना उरलेला हिरवा रंग शेजाऱ्यांना त्यांच्या दारासाठी दिला होता. मावशी बाबांशी आठवडाभर बोलली नाही.

त्याच बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी हॉस्पिटलने सांगितलं, संध्याकाळपर्यंत रक्तदाते आणा. आमचे नातेवाईक निम्मे गावी, उरलेल्यांना शुगर. मी रडकुंडीला येऊन मावशीला फोन लावला. ती भाच्याच्या लग्नात होती. तिने फक्त हॉस्पिटलचं नाव विचारलं आणि फोन ठेवला.

पुढचं भाच्याने सांगितलं. हॉलमध्ये ग्लास भरायला घेणार, एवढ्यात मावशी लुगडं सावरत बाटल्यांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. तिने माइक मागून घेतला आणि म्हणाली, "कुणी ग्लासाला हात लावायचा नाही. प्यालेल्याचं रक्त घेत नाहीत. माझ्या समोरच्या घरातला माणूस उद्या टेबलावर जातोय. आधी त्याचं बघा, मग नाचा." नवरामुलगाही उठला, त्याला तिने बसवलं. बाकी धडधाकट माणसं टेम्पोत भरली.

ब्लड बँकेत मी धावत पोचले तर सगळीकडे सूट, टाय, कोटाला फुलं. बँडवाला ट्रंपेट मांडीवर घेऊन बसलेला. नर्सने त्याला विचारलं, पेशंटचे तुम्ही कोण? तो बिचारा सवयीने म्हणाला, "मुलीकडचे." मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. सगळ्यांचं रक्त देऊन झाल्यावरच मावशीने हॉलवर फोन करून बाटल्या उघडायची परवानगी दिली.

ऑपरेशन झकास झालं. जन्मात ताल न धरलेले बाबा त्यानंतर कुठलीही वरात दिसली की पाय हलवायला लागले. आई म्हणायची, रक्ताचा गुण.

गेल्या वर्षी मावशी झोपेतच गेली. बाबांनी हट्टाने शवपेटीला खांदा दिला, खड्ड्यात मूठभर माती टाकली आणि घरी येऊन पायरीवरच बसले. आईने अंघोळीचं पाणी तापवून ठेवलं होतं. ते उठेनात. समोरच्या बंद दाराकडे बघत राहिले. आई सोवळ्याओवळ्याची कडक, म्हणून बराच वेळ घुटमळून त्यांनी विचारलं, "आपण तिचं सुतक धरलं तर चालेल का गं?"

आई उंबऱ्यात उभी होती. "मी सकाळपासून देवांपुढे दिवा लावलेला नाही," ती म्हणाली. "उठा आता. पाणी निवतंय."