दत्तारामचा तक्ता

आखातातल्या अल ऐनच्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत अंबादास कोचरेकर ड्राफ्ट्समन होता. १९९६ साली त्याच्याकडे गुनिला नावाची स्वीडिश बाई आली. तिचा नवरा तिथेच डॉक्टर. तिला घराण्याचा लांबलचक तक्ता काढून हवा होता. एका बाजूला खापरपणजोबांच्या आयुष्यातली वर्षं, समोर त्या-त्या वर्षी मुलखात काय घडलं ते. चर्चच्या वहीत खापरपणजोबा १८६८ नंतर दिसेनात, म्हणून ती कित्येक वर्षं तिथेच अडली होती. समोर दुष्काळाची सालं मांडली तेव्हा तिला सुचलं, अमेरिकेला तर गेले नसतील? आणि खरोखर, बंदरावरच्या यादीत त्यांचं नाव सापडलं.

अंबादासच्या मनात थोरला भाऊ आला. वेंगुर्ल्याचा दत्ताराम १९६९ साली मुंबईहून लाँचमधून चोरून आखाताकडे निघाला, त्यानंतर त्याची काही खबर नाही. पण गावचा एक खलाशी शपथेवर सांगायचा, सत्तर साली मी त्याला शारजाच्या बाजारात पाहिला. त्या एका बोलण्यावर आई वाट बघत होती आणि सवितावहिनी सत्तावीस वर्षं कुंकू लावत होती. अंबादास इथे आला तोही त्याला शोधायलाच.

त्याने दत्तारामच्या शेवटच्या पत्राची आणि त्या खलाशाच्या पासपोर्टची झेरॉक्स मागवली आणि तसाच तक्ता आखला. पासपोर्टवरच्या शिक्क्याप्रमाणे खलाशी इथे पहिल्यांदा उतरला होता त्र्याहत्तर साली. दत्ता शिमग्यानंतर लगेच गेला, असं घरात सगळे म्हणत. पण मुंबईहून आलेल्या पत्रावर तारीख होती चार जून. ‘उद्या निघतो,’ एवढंच शेवटी. समोरच्या रकान्यात ‘पावसाळा’ असं लिहिताना अंबादासचा हात थांबला. जूनमध्ये वेंगुर्ल्याला होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, हे त्याला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

तरी शुक्रवारच्या सुट्टीत तो खोर फक्कानच्या किनाऱ्यावर गेला. तिथे लाँचमधून उतरणारी माणसं पाहिलेला म्हातारा खैरुद्दीन भेटला.

“जून की लाँच?” तो म्हणाला. “खलास. कोई नहीं पहुँची, बेटा.” लाटांबरोबर कधी प्रेतं यायची, ती पुरून टाकायचे. नावं कोणाला ठाऊक असणार?

अंबादासने वहिनीला फोन करून सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं,

“भावजी, मग आता मी कुंकू पुसायचं का?”



तिने ते पुसलं नाही. पण त्यानंतर ती फोनवर आली नाही. तब्येत बरी नाही, असा निरोप यायचा. २००२ साली ती गेली. अंबादास पोहोचला तेव्हा बायकांनी तिला सवाष्ण म्हणून हिरवं लुगडं नेसवलं होतं. नव्वदीची आई दारात बसून एकच सांगत होती, दत्ताला कळवा. अंबादास हो म्हणाला आणि खांदा द्यायला पुढे झाला.