लाज खुंटीला टांगणाऱ्या सिस्टरबाई

कोणाच्याही घरात शिरल्या की सिस्टरबाई आधी खांद्यावरची काळी पिशवी खुंटीला अडकवत आणि म्हणत, "लाज बी इथंच टांगा. मी गेल्यावर घेजा परत. आता बोला."

आमच्या केशोरी गावातली निम्मी बाळंतपणं या वाक्यावर पार पडली. तुमच्याही गावात अशी एखादी असेलच, जिच्यासमोर भल्याभल्या मिशा खाली येतात. आमच्या बाई सरकारी नोकरीतून मोकळ्या झाल्या, तरी टोल्याटोल्यांवरच्या, म्हणजे वाडीवस्तीवरच्या, बाळंतिणी बघत फिरायच्या.

माझ्या घरात ती पिशवी टांगली गेली ती नातवापायी. तो तेव्हा दहावीत. बाप गोंदियाला राईस मिलवर, माय त्याच्यासोबत, पोरगा शाळेसाठी माझ्याजवळ. बसस्टँडवर मोबाईलचं दुकान होतं. मेमरी कार्ड दिलं की दुकानदार गाणी भरून देई. आणि गाण्यांच्या मागे दुसरंही. काय ते मी लिहिणार नाही, तुम्ही समजलात. दुकानापुढच्या बाकावर गावातले मोठे लोक दिवसभर बसायचे. सगळ्यांना माहीत होतं, कारण त्यांच्याही खिशात तेच होतं. आजही तो बाक आठवला की माझं टाळकं सणकतं.

पण तेव्हाची मी फार हुशार. पोराच्या हातातला मोबाईल हिसकला आणि धानाच्या कोठीत तळाशी पुरला. दुसऱ्या दिवसापासून कधी इकडची काडी तिकडे न करणारा पोट्टा म्हणू लागला, "आजी, कांडायला धान मी काढून देतो." मी गल्लीभर सांगत फिरले, नातू सुधारला! घरात खायला माणसं दोन आणि तांदळाची पोती दारापर्यंत आली, तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली.

मग झाडू घेतला. बापाने फोनवर फर्मावलं, "शाळा बंद. दिवाळी झाली का ट्रकवर क्लिनर म्हणून धाडतो." पोरगा जेवेना, भिंतीकडे तोंड करून पडून राही. घाबरून मी बाईंना बोलावलं.

"ताप आहे का?"

"ताप नाही. सांगण्यासारखं नाही."

त्यांनी नुसतं खुंटीकडे बोट दाखवलं. मी सांगितलं. बाई पोराजवळ खाली बसल्या. "केव्हा पाहू वाटते रे?"

तो भिंतीलाच म्हणाला, "शाळेतून आल्यावर. घरात कोणी नसलं का. नाही पाहायचं म्हणतो, तरी हात जाते."

"पहिल्यांदा कोणं देल्लं?"

"दुकानात. गाण्यासोबत भरून देल्लं. मी मांगलं बी नव्हतं."

बाईंचा चेहरा लाल झाला. मी झाडू उचलला, तशा माझ्यावरच कडाडल्या, "ठेवा तो! राग बरोबर आहे वहिनी, पत्ता चुकून राहिला."

मग पोराला म्हणाल्या, "माझ्याजवळ याची गोळी नाही. पण एकटा बसू नको. जीव ओढला का माझ्या अंगणात येजो. बोलू नाही वाटलं तर नको बोलू."

तो बाईंच्या अंगणात गेला. बाईंनी त्याला सायकल काढायला लावली आणि स्वतः कॅरिअरवर बसल्या. बाई अंगाने चांगल्या भरलेल्या. पोरगं धापा टाकत त्यांना टोल्यावर नेई, घामाघूम होऊन परते, ताटभर भात खाई आणि झोपे.

एकदा मी कान देऊन ऐकलं.

"बाई, काल पुन्हा पाहिलं. मित्राचा मोबाईल होता."

"बरं. सांगितलंस ना? चाल, सायकल काढ."

माझ्या अंगाची आग झाली. "यात बरं काय हो?"

"लपवत होता तेव्हा तर तुम्ही गावभर पेढे वाटले असते!"

पोत्यातला तांदूळ अजून संपला नव्हता.

त्याच आठवड्यात बाई दुकानावर गेल्या, मी मागे. पिशवी शटरच्या आकड्याला अडकवली आणि बाकाकडे वळल्या. "लाज टांगा म्हणणार होते. पण तुमच्याजवळ असली तर टांगान!"

दुकानदार म्हणाला, "बाई, धंदा आहे. मागते ते भरतो."

"लेकरानं मागितलं नव्हतं. पुन्हा देल्लं तर पोलिसात जाईन, आणि या साऱ्यांना साक्षीला नेईन."

बाक रिकामा झाला. दुकान मात्र चालूच राहिलं. फक्त कॉम्प्युटरपुढे पडदा लागला. आमच्या गावाची सुधारणा एवढीच.

दिवाळीला बाप आला. त्याच्या हातची बॅग नातवानेच घेतली, खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "बाबा, आधी ऐकून घ्या. मंग ट्रकवर धाडा." सगळं सांगितलं, घसरला तेही सांगितलं. बापाचा उगारलेला हात हवेतच राहिला, मग हळूच पोराच्या खांद्यावर आला. ट्रकचा विषय पुन्हा निघाला नाही. पोरगा दहावी झाला, आयटीआयला गेला. मध्ये एकदोनदा पाय घसरला. दर वेळी सायकल बाईंच्या अंगणात दिसली.

काही वर्षांनी बाई गेल्या. शोकसभेला चौकात फ्लेक्स लागला, भावपूर्ण श्रद्धांजली. कोपऱ्यात बाई एवढ्याशा, आणि खाली हात जोडलेला तोच दुकानदार, ऐसपैस! माझे हात शिवशिवले. तोवर नातू शिडी घेऊन आला आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापायला लागला.

"काऊन काढून राहिला रे?" दुकानदार ओरडला.

नातू शिडीवरूनच, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं बोलला, "भाऊ, मी दहावीत होतो तेव्हा माझ्या कार्डात काय भरून देल्लं होतं, आठवते? त्यातून बाहेर यायले मला लय दिवस लागले. बाई नसत्या तर आलोच नसतो."

दुकानदार आपल्या चपला शोधू लागला.

फ्लेक्स घरी आला. बाईंचा फोटो कापून मी खुंटीखाली लावला. उरलेला तुकडा चुरणी, म्हणजे मळणी, झाली की आम्ही धानाच्या ढिगावर घालतो. हात जोडलेल्या त्या तोंडावर कोंबड्या चढून बसतात.

मी त्यांना हाकलत नाही.