बॉनेटवरचा नारळ

ताईचा फोन आला तेव्हा मी शेडला तिसऱ्यांदा झाडू मारत होतो. झाडण्यासारखं काही नव्हतं. बायको गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. खोलीत गेलो की बाहेर यावंसं वाटतं, बाहेर आलो की गॅस चालू राहिला का ते बघायला परत आत. आठ महिने झाले. लेक तळेगावला आहे, तिच्याकडं दोनदा राहायला गेलो. दोन्ही वेळा पिशवी न उघडताच परत आलो.

ताई म्हणजे आमच्या शेठची मुलगी. शेठचा खंडाळ्यातला बंगला मी सदतीस वर्षं सांभाळतोय. लागलो ड्रायव्हर म्हणून, मग माळी झालो, मग राखणदार. पगार एकच. शेठ दोन वर्षांमागं वारले. बंगला तसाच राहिला आणि शेडमधली गाडीही.

"आबा, रविवारी गिऱ्हाईक येतंय," ताई म्हणाली. "गाडीवरचं कापड काढून ठेवा. चालू होते ना?"

"न व्हायला काय झालं? दर मंगळवारी चालू करतो."

"आणि विचारलं तर जास्त बोलू नका. गाडी आहे तशी आहे, एवढंच म्हणायचं."

"आहे तशी म्हंजे?"

"म्हणजे कंपनीतून आली तशी. सगळी किंमत त्याच्यावर आहे, आबा."

मी बरं म्हणालो. फोन ठेवला आणि चौथ्यांदा झाडू घेतला.

त्या गाडीचं आधी सांगतो. बाहेरच्या देशातल्या कंपनीनं ती शर्यतीसाठी काढली होती. त्याच चेहऱ्याची साधी गाडी लोखंडी पत्र्याची, तशा त्यांनी ढिगानं काढल्या. ही मोजकीच. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, तोही पापडासारखा. मागच्या खिडकीला काच नाही, प्लॅस्टिक. खाली गालिचा नाही, दाराला आतून कातडं नाही, खिडकी खालीवर करायला नुसता एक पट्टा. पुढं-मागं बंपर नाही. शेठकडं आधी साधी होती. ती विकली, वर बरीच भर घातली आणि ही आणली. म्हणजे सामान कमी आणि पैसे जास्त.

ही पहिल्यांदा फाटकातून आत आली तेव्हा माझी बायको तुळशीला पाणी घालत होती. तिनं गाडीला एक चक्कर मारली, आत डोकावली.

"अवं, निम्मीच आनली का? बाकीची कुटं हाय?"

शेठ खोखो हसले. म्हणाले, "बाई, निम्मी आहे म्हणूनच दुप्पट दिले."

"मंग अजून थोडी काढली असती तर शेठ भिकंला लागलं असतं," ती मला खोलीत आल्यावर म्हणाली.

त्याच वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. शेठ मुंबईला होते. मी ओसरीवर हाराला झेंडू ओवत बसलो होतो. बायकोनं गाडी पुसली, हळदीकुंकू लावलं, उदबत्ती फिरवली. तिचं माहेर आंदर मावळातलं. तिथं भावाचा ट्रॅक्टर होता, त्याची पूजा तिनंच करायची, लग्नाआधीपासून. ट्रॅक्टरच्या पुढच्या लोखंडावर नारळ आपटायचा, पाणी चाकांवर शिंपडायचं. नारळ फुटतो, ट्रॅक्टरला काही होत नाही. आमच्याकडच्या सगळ्या बायांचा हात तसाच. या गाडीला पुढं लोखंडच नव्हतं. तिनं जागा शोधली असेल, सापडली नसेल, मग दोन्ही हातांनी नारळ उचलून नाकाडावर, म्हणजे बॉनेटच्या पुढच्या टोकाला हाणला.

आवाज यायला हवा होता तसा आला नाही. उशीवर मारल्यासारखा आला. मी धावलो. नारळ धड होता. बॉनेटला वाटी बसेल एवढा खड्डा.

तिनं नारळाकडं बघितलं, मग गाडीकडं. "अवं, ही गाडी हाय का डबडं?"

मला तेव्हा हसायला पाहिजे होतं. मी हसलो नाही. शेठ शनिवारी येणार होते. मी तोंडाला येईल ते बोललो आणि शेवटी म्हणालो, "अडाणी ती अडाणीच." मी स्वतः चौथी पास. तिनं नारळ उचलला, पायरीच्या दगडावर फोडला आणि खोबऱ्याचे तुकडे करायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा ठोकून घ्यायला मी गाडी काढली तर ती डोक्यावरून पदर घेऊन दारात उभी.

"मी येते. मी केलं, मीच निस्तरते."

"तू काय निस्तरनार?"

"सांगते की ठोकनाऱ्याला, कुटं लागला नारळ ते."

ती त्या गाडीत एकदाच बसली, ती तेव्हा. खंडाळ्यातून लोणावळ्यापर्यंत, तेवढीच वाट. मी दोन्ही गाड्या चालवल्यात. साधी गाडी वळणावर थोडा विचार करते, मग वळते. ही विचार करत नाही. पायाखाली पत्रा थरथरतो, खडा उडाला तरी कानात वाजतो. पहिल्या वळणाला बायकोनं माझं मनगट धरलं, दुसऱ्याला सोडलं, तिसऱ्याला पट्टा ओढून खिडकी खाली केली. पदर पार मागं उडाला.

"रिकामी हाय म्हनून पळती," ती म्हणाली. "भाताचं पोतं टाका मागं, बसंल गप."

लोणावळ्याच्या बाजारात एक चाचा होते. लग्नाच्या जेवणावळीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या डेगी ठोकून सरळ करायचे. माझ्या डोक्यात तेच आले होते, कारण लोखंड ठोकणारा गॅरेजवाला असला पत्रा फाडून ठेवील. चाचांनी बॉनेटवर बोटं फिरवली.

"वैनी, नारळ कोणी मारला?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी काही सांगितलं नव्हतं.

"शेंडीचा वळ हाय की हितं," चाचा म्हणाले. "डेगीला पण हेच होतं. देवाच्या जेवणाला डेग काढली की कोणतरी तिच्यावरच नारळ फोडतं. जाऊ द्या, तासाभराचं काम हाय. पत्रा बेस हाय, हिच्यात शंभर मान्साची बिर्याणी होईल."

बॉनेट सोडवलं. चाचांनी खड्ड्यावरचा रंग खरवडला, त्यावर साबणाची वडी घासली आणि खालून ज्योत धरली. साबण काळा पडला की ज्योत बाजूला, कारण तेव्हा पत्रा मऊ झालेला असतो आणि त्यापुढं गेलं की वितळतो. मग वाळूची पिशवी ठेवून आतून लाकडी मोगरीनं हळूहळू. बायको शेजारी उकिडवी बसून बघत होती, मोगरी पडेल तशी तिची मान हलत होती. तळेगावच्या रंगाऱ्यानं रंग असा जुळवला की डोळ्याला काही दिसेना. बोटाला मात्र लागतं. किंचित लहर आहे, पाणी थबकावं तशी.

शेठ आले, गाडी फिरवली, त्यांच्या काही ध्यानात आलं नाही. त्या रात्री बायकोनं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला.

"हे कुनाला सांगायचं न्हाई. माजी आन हाय."

"शेठ काय खातंय का तुला?"

"शेठचं न्हाई. तुमी म्हनला ते बास झालं. आनखी कुनी म्हनायला नको."

त्यानंतर दर दसऱ्याला ती नारळ पायरीवर फोडायची, आणि कुंकू लावायच्या आधी त्या जागेवर तळवा ठेवायची. गेल्या दसऱ्याला तिला उभं राहवत नव्हतं. मी खुर्ची गाडीपुढं नेली, तिनं बसून तळवा ठेवला. दिवाळीनंतर ती गेली.

रविवारी ताई आली, गिऱ्हाईक आलं. पुण्याचा माणूस, पन्नाशीचा, बोलायला बरा. बरोबर एक जाणकार आणला होता, टकला, हातात सुती मोजे. त्यानं चार वजनकाटे जमिनीवर मांडले आणि चारही चाकं त्यावर चढवली. मग लोहचुंबक काढून दारं, छत, बॉनेट सगळीकडं लावून बघितलं. कुठं चिकटलं नाही. दोघं खूश झाले.

माझ्या हाताला काम नव्हतं म्हणून मी फडक्यानं आरसा पुसत होतो. गिऱ्हाईकानं मला विचारलं, "काका, तुम्ही दोन्ही चालवल्यात म्हणे. मी साधीच्या तिप्पट मोजतोय. तेवढे देण्यासारखी आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

ताईनं डोळे मिटले.

"पावसात पाणी आत येतं. उन्हात भाजता. शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. बायकोला घेऊन गावाला जायचं असलं तर साधी घ्या, दोन पोती पण बसतील. पण एकदा हिच्यातनं घाट उतरलात तर मग साधीत बसवणार नाही. त्याचे तिप्पट द्यायचे का ते तुमचं तुम्ही बघा."

तो हसला. "म्हणजे द्यायला लागणार."

जाणकार मात्र बॉनेटशी थांबला होता. त्याच्याकडं रंगाची जाडी सांगणारं एक यंत्र होतं, खिशात मावेल एवढं. ते त्यानं नाकाडाला लावलं, हटवलं, परत लावलं. मग मोजे काढले आणि नुसत्या बोटानं तीच जागा चाचपली.

"इथं काहीतरी झालंय," तो म्हणाला. "रंग जाड आहे. बॉनेट बदललंय का? बदललं असेल तर ही गाडी ती गाडी नाही."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. ताई मान हलवत होती, नाही म्हणा, अशी. आहे तशी आहे, एवढं म्हटलं असतं तर त्यांनी बॉनेट नकली धरलं असतं. खरं सांगावं तर डोक्यावर हात ठेवून घेतलेली आण होती.

"बदललं नाही," मी म्हणालो. "खड्डा पडला होता, ठोकून काढलाय. मी दसऱ्याला नारळ फोडला तिच्यावर. अडाणी माणूस."

जाणकार हसायला लागला. गिऱ्हाईकही हसलं. चाचांचं, साबणाचं मी सगळं सांगितलं. जाणकारानं बॉनेट उघडून आतल्या मोगरीच्या खुणा बघितल्या आणि मान डोलावली. लपवलेलं सापडलं असतं तर सौदा मोडला असता, म्हणाला, सांगितलेलं चालतं. थोडी किंमत उतरली. ताई माझ्याशी चहा होईपर्यंत बोलली नाही, मग बोलली.

जाताना जाणकारानं एक जाड फाईल काढली. गाडी कोणी घेतली, कुठं पळवली, कोणत्या गॅरेजात काय दुरुस्त केलं, सगळे कागद त्यात. अशा गाडीची अर्धी किंमत कागदांत असते, असं तो म्हणाला. नवीन पान घेऊन त्यानं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. दसऱ्याच्या पूजेत राखणदाराकडून नारळाचा आघात, लोणावळा येथे दुरुस्त. खाली माझं नाव. मी सही केली.

गाडी ट्रकवर चढवून नेली. त्यानंतर चार दिवस मला काही सुधरेना. मंगळवारी सवयीनं किल्ली घ्यायला खिळ्याकडं गेलो. लोणावळ्याला गेलो, चाचांच्या दुकानाच्या जागी आता चिक्कीचं दुकान आहे, उगीच पाव किलो घेतली आणि फाटकाशी आल्यावर लक्षात आलं की चिक्की तिला लागायची, मला दात नाहीत. घरात तिच्या हाताचं काय आहे ते शोधायला लागलो. दोन गोधड्या, त्यातली एक लेक घेऊन गेली. रेशनकार्डावरचं नाव कमी केलेलं. आणि ती गाडी शंभर वर्षं जपतील, काचेच्या खोलीत ठेवतील, कोणीतरी फाईल उघडील आणि नाकाडावरच्या त्या जागेवर बोट ठेवील. तिथं मी. मी त्या नारळाला हात लावला नव्हता. पायरीवर तो तिनंच फोडला होता, खोबरं तिनंच वाटलं होतं.

आण तिनं घातली ती माझ्यामुळं. अडाणी मी म्हणालो होतो, बाकी कोणी म्हणालं नव्हतं. गाडीचा पत्रा लोखंडाचा नाही हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, मीही नाही, आणि मला ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी सकाळी ताईला फोन लावला.

"ताई, त्या कागदात चूक झालीय. नारळ मी फोडला नाही."

"आबा, झालं ते झालं. पैसे पण आले. आता कशाला?"

"मावशीनं फोडला." माझ्या बायकोला ताई मावशीच म्हणायची.

ती म्हणाली, "मग तुम्ही का म्हणालात?"

"ते असू द्या. त्या साहेबाला कळवा. पूजा करताना फोडला असं लिहायचं. चुकून नाही लिहायचं, अडाणी नाही लिहायचं. पूजा करताना."

"बरं. पाठवते आत्ता. थांबा, लिहून घेते." लिहिता लिहिता ती थांबली. "आबा... मावशीचं नाव काय?"

ताई त्या अंगणात लहानाची मोठी झाली, मावशीच्या हातची भाकरी खाऊन. तिला ठाऊक नव्हतं. शेठलाही नसावं. मीसुद्धा उभ्या जन्मात उखाण्यापुरतंच घेतलं होतं.

मी सांगितलं. तिचं, मग माझं, मग आडनाव. ताईनं लिहिलेलं वाचून दाखवलं, एक अक्षर चुकलं होतं, ते परत घालायला लावलं.

"आणि माहेरचं पण घाला," मी म्हणालो. "गावासकट."