दोन कुबडांमधला घुमट

शादोरचा इतिहास कुठे वाचायला मिळेल, असं विचारणाऱ्या माणसाला पूर्वी मी सरळ दोशंबे नाखुदाच्या ओट्यावर नेऊन बसवायचो. आता नेत नाही. का नेत नाही, ते लिहून ठेवतो. मी शाळेत गेलो नाही. बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडता फोडता रद्दीच्या कागदांवर वाचायला शिकलो. कोणाला शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या असतील त्याने खुशाल काढाव्यात.

दोशंबे नाखुदा म्हणजे आमच्या मकरान किनाऱ्यावरचा जुना तांडेल. पंचेचाळीस साली मोठी लाट आली तेव्हा तो आईच्या पोटात होता, तरी ती लाट डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगायचा. कोणी हसलं की म्हणायचा, "तू कोरड्यावर जन्मलास, तुला काय कळणार."

त्याच्या मते शादोर बघायचं तर पाण्यातून. जमिनीवरून काय, नुसती वाळू आणि टँकरची रांग. दोन मैल आत गेलं की मग गाव उलगडतं. वाळूची अरुंद मान, तिच्या दोन्ही अंगांना समुद्र, आणि मानेच्या टोकाला बसलेल्या उंटासारखा दोन कुबडांचा डोंगर. थंडीत नावा पश्चिमेला, वारा फिरला की खांद्यावर घेऊन पूर्वेला. असं कित्येक पिढ्या चाललंय.

"ती चिमणी दिसते? तार-ऑफिसवाल्या गोऱ्यांचा बंगला," तो बोट दाखवायचा. "लाटेने भिंती नेल्या, चिमणी ठेवली. या भट्टीत त्यांना थंडी वाजायची म्हणे. आणि ते झाड, त्याच्याखाली मस्कतच्या सुलतानाचा जकातदार दुपारभर घोरायचा. पहिलं शादोर वाळूने गिळलं, दुसरं फिरंग्यांनी जाळलं, तिसरं लाटेने नेलं. आपण चौथ्यात राहतो, मास्तर. उगाच ऐट करू नकोस."

मास्तर म्हणजे मी. न शिकलेल्याला मास्तर म्हणण्यात त्याला मजा वाटायची. मला राग यायचा, पण त्याच्यावर धरता यायचा नाही.

त्याचा एकुलता मुलगा जीयंद बावीस वर्षांचा असताना गेला. नांगर खडकात अडकला, तो सोडवायला पोरगा बुडी मारून खाली गेला आणि वर आला नाही. तीन दिवस शोधूनही अंग मिळालं नाही. तेव्हापासून दरवर्षी, खजुराचा हंगाम संपला की नाखुदाची बायको माहगंज चाची मशिदीमागच्या विहिरीवर जायची. गावात गोड्या पाण्याची ती एकच विहीर, दिवसाला घरटी दोन घडे. त्यातला एक घडा ती झाकून त्याच्या हातात द्यायची. नाखुदा एकटाच नाव घेऊन जायचा, पोरगा गेला त्या ठिकाणी फातिहा म्हणायचा आणि घडा पाण्यात रिता करायचा. खाऱ्यात पडलेल्याला वर्षातून एकदा तरी गोडं पाणी मिळावं, एवढंच. तो परतला की चाची दारातून विचारायची, "पोचलं?"

"पोचलं," तो म्हणायचा. झालं. घडा पालथा घालून ती चुलीकडे वळायची.

आता माझ्याकडे येतो.

सरकार बंदराची भिंत बांधायला निघालं आणि ठेकेदाराने पूर्वेचा किनारा तारेने बंद केला. नावा पाण्यात ढकलायच्या कुठून? बेचाळीस दिवस आम्ही रस्त्यावर बसलो. पुढारी मीच होतो, आणि चांगला होतो, हे कबूल करायला मला लाज नाही. शेवटी साहेब बोलणीला आला. म्हणाला, वाट हवी तर वाट देतो, पण भिंतीला दगड लागेल, आणि जवळचा दगड म्हणजे उंटाचा डोंगर. तो घेऊ द्या.

धरण्याच्या तंबूत सगळे नाखुदा बसले होते. मी विचारलं, "कोणाची हरकत?"

मग दोशंबे सतरंजीकडे बघत म्हणाला, "डोंगर राहिला तर बरं होईल."

"का?"

"बरं होईल."

माझं डोकं फिरलं. बेचाळीस दिवस पोरं उपाशी होती आणि हा म्हणे बरं होईल. "नाखुदा, तिथे तुमचा उंट चरतो का? कारण सांगा. मी साहेबाला काय सांगू, नाखुदाला बरं वाटत नाही?"

तंबू हसला. तोही किंचित हसला. "कारण काही नाही," म्हणाला. "तू कर सही, मास्तर."

मी केली. मे महिना संपत आला होता. काम कधी सुरू होणार, ती तारीख मी लिहून घेतली नाही. मला वाटलं, सरकारी काम आहे, दोन वर्षं तरी हलणार नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात समुद्र खवळला, नावा वर ओढल्या, आणि त्याच आठवड्यात पहिला सुरुंग उडाला. समुद्र शांत होऊन नावा पुन्हा पाण्यात गेल्या तोवर एक कुबड नव्हतं आणि दुसरं अर्ध्यावर आलं होतं.

आमची वाट मात्र झाली. साठ फूट रुंद, उतरती. लोकांनी मला खांद्यावर घेतलं.

खजूर संपले आणि एका सकाळी दोशंबे माझ्या दारात आला. हातात झाकलेला घडा. "मास्तर, दोन डोळे कमी पडतायत. तुझे दोन दे."

त्या फेरीला त्याने पहिल्यांदाच कुणाला बरोबर घेतलं होतं. दोन मैल गेल्यावर इंजिन बंद करून तो मागे वळला, हात कपाळावर धरून बराच वेळ बघत राहिला.

"काय शोधताय?"

"दोन कुबडांच्या बरोबर मधे पिराचा पांढरा घुमट यायचा. त्या रेषेवर यायचं. मग तारवाल्यांची चिमणी झाडामागे लपेपर्यंत सरकायचं. दोन रेषा जिथे मिळतात तिथे नांगर. तिथे जीयंद आहे."

मी बघितलं. चिमणी होती, झाड होतं. एव्हाना दुसरं कुबडही गेलं होतं, त्यामुळे घुमट आता कुठूनही दिसत होता. डावीकडे गेलो तरी दिसत होता, उजवीकडे गेलो तरी. नवी खूण धरायची तर डोंगर उभा असतानाच, आणि तेव्हा नावा वाळूवर होत्या.

आमच्याकडे तांडेल आपली खूण सांगत नाही. भावाला नाही, जावयाला नाही. सांगितली की ती मासळीची जागा गावाची होते. हे शादोरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला माहीत होतं. तंबूत ते मला आठवलं नाही.

"तेव्हा का नाही बोललात? मला एकट्याला कानात तरी."

"तू कानात ऐकून साहेबाला मोठ्याने सांगितलं असतंस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे." तो रागावला नव्हता. "ती जागा आमच्या आजोबांची. खाली खडक आहे, मासा मावत नाही. पोरगा गेल्यापासून मी तिथे गळ टाकला नाही. बोललो असतो तर आठवड्यात चाळीस नावा आल्या असत्या. माझ्या पोराच्या अंगावर जाळी पडली असती."

"मशीन तरी घ्यायचं होतं. सगळ्या नावांवर आहे, बटण दाबलं की जागा दाखवतं."

"मशीनला तोंड असतं. नाव बंदरात लागली की जो तो त्यातली जागा वाचतो."

मग त्याने शिशाचा गोळा काढला, त्याच्या बुडाला साबण चोपडला आणि दोरीने खाली सोडला. वर ओढला तर साबणाला वाळू. थोडं पुढे, पुन्हा वाळू. चिमणी झाडामागे धरून आम्ही त्या एकाच रेषेवर दुपारपर्यंत पुढे-मागे झालो. मी गोळा सोडायचो, तो बोटाने साबण चाचपायचा. खडकावर गोळा पडला तर साबण कोरा येतो, नुसता चेपलेला. एकदा तसा आला. त्याने गोळा पुन्हा टाकायला लावला. वाळू आली.

"याच रेषेवर कुठेतरी आहे," मी म्हणालो. "इथे ओता, नाखुदा. पाणी पाण्याला मिळेल."

"दुसऱ्याच्या दारात ओतून काय करू?"

परत येताना तो गावाबद्दल एक शब्द बोलला नाही, पुढे ओट्यावरही नाही. चिमणीकडे पाठ करून बसला होता, घडा दोन पायांत धरून. माझ्या साठ फुटांच्या वाटेने आम्ही नाव वर घेतली. वाटेत दोघांनी मला सलाम केला.

माहगंज चाची दारात उभी होती. तिने हात पुढे केला, त्याने घडा दिला. वजन लागताच तिचा हात खाली गेला. मग तिने माझ्याकडे बघितलं. सगळ्या गावाच्या वतीने बोलणारा मी, पायातली वाळू झटकत राहिलो.

तिने विचारलं नाही. घडा आत नेला, चुलीजवळ ठेवला, वर थाळी झाकली.

त्याच आठवड्यात विहीर आटली आणि टँकर अकरा दिवस आला नाही. चाची आमच्याकडे पाणी मागायला यायची, एक तांब्या, कधी अर्धा. तांब्या पोचवायला मी तिच्याकडे गेलो की दारातून तो घडा दिसायचा, थाळी तशीच. कोणी त्यातलं घोटभर प्यालं नाही.